पाठविले आणि पोहोचले

स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायातील एखादा अनुभव लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझी उभी हयात संगणकाच्या खोलीत गेली. त्या रुक्ष व्यवहारात सणाच्या अंकास शोभेल असे काय असणार? परंतु एक प्रसंग मात्र दर गणेशचतुर्थीला आठवल्याविना राहत नाही.

२००० साली मी येथील एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात प्रोग्रामर होतो. आमच्याकडे आयबीएमचा एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक होता. १९८८ साली अवतरलेल्या या यंत्राचा वंश आजही ‘आयबीएम आय’ या नावाने नांदत आहे. कामगारांच्या पगाराची फाईल दरमहा त्यावरून बँकेच्या संगणकाकडे ‘एफटीपी’ या पद्धतीने धाडली जाई. १९७१ च्या एप्रिलमध्ये या पद्धतीचा पहिला आराखडा लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर होत, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

एफटीपी ही मुळात माणसाने पडद्यासमोर बसून चालवावयाची. प्रोग्राममधून तिला बोलवावयाचे तर माणसाची जागा दोन फायलींनी घ्यावी लागते. ‘इनपुट’ फायलीत नाव, परवलीचा शब्द, ‘पुट’ ही फाईल धाडण्याची आज्ञा आणि शेवटी ‘क्विट’, असे ओळीने लिहून ठेवावयाचे. पलीकडून येणारी उत्तरे ‘आउटपुट’ फायलीत साठवावयाची. ‘ओव्हीआरडीबीएफ’ या आज्ञेने दोन्ही जोडून दिल्या, की रात्री कोणी नसतानाही काम चालते. माझा सीएल प्रोग्राम असाच होता, आणि शेवटी तो ‘फाईल पाठविली’ असा संदेश देई.

त्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या आईच्या वयाची एक ऊसतोडणी कामगार बाई खिडकीशी आली. खात्यात पैसे जमा नाहीत, उद्या गणपती घरी आणावयाचा कसा, असे तिने क्रिओलमध्ये शांतपणे विचारले. तिच्यामागे रांग वाढत होती. ‘पैसे गेले आहेत, मावशी,’ असे मी ठासून सांगितले. संदेश माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग आउटपुट फाईल उघडली. तीत ५३० हा आकडा होता. बँकेने परवलीचा शब्द बदलला होता. आम्हाला आत घेतलेच नव्हते. इनपुटमधील पुढच्या ओळी मुकाट्याने वाया गेल्या, ‘क्विट’ झाले आणि एफटीपीची आज्ञा बिनतक्रार संपली. आज्ञा संपली म्हणजे काम झाले, असे माझ्या प्रोग्रामने मानले. दोष यंत्राचा नव्हता. उत्तर आले होते, ते मी वाचलेच नव्हते. नवा शब्द मिळवून फाईल पुन्हा धाडली. संध्याकाळी पैसे जमा झाले. परंतु तोवर बाजार उठत आला होता. मी खिडकीशी जाऊन त्या बाईंची क्षमा मागितली.

त्यानंतर मी एक लहान आरपीजी प्रोग्राम जोडला. तो आउटपुटची प्रत्येक ओळ वाची. ‘पुट’नंतर २२६ किंवा २५० हा यशाचा आकडा दिसला तरच ‘पोहोचली’ म्हणे. चार किंवा पाचने आरंभ होणारा आकडा दिसला, अथवा काहीच उत्तर नसले, तर ऑपरेटरला तत्काळ कळवी. आज पुष्कळ ठिकाणी परवलीचा शब्द उघडा धाडणारी ती रीत जाऊन एसएफटीपी आली आहे. नियम मात्र तोच आहे.

वाचकहो, हा नियम मला खरे तर आजीने शिकविला होता. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईमार्गे गिरमिटावर या बेटावर आले. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येकास क्रमांक मिळे. त्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. आजी म्हणे, ‘आकडा सरकारला मिळाला, पण लेक पोहोचल्याचा निरोप त्याच्या आईला कधीच गेला नाही. ती वाट पाहतच गेली.’

पाठविणाऱ्याचे कर्तव्य पाठविल्याने संपत नाही, पोहोच कळल्यावर संपते. ज्यांची पोहोच कोणी कळविली नाही, त्यांच्या वंशजांनी तरी हे विसरू नये, एवढेच श्रीगजाननाच्या चरणी मागणे.