सिबिल

वर्ध्याच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे मी ईकोच्या मागच्या दाराला टेकून उभा होतो आणि आत काचेच्या केबिनमध्ये फायनान्सवाला पोरगा मोबाईलवर माझा पॅन नंबर टाकत होता. गाडी 2021 ची, पांढरी, एमएच 32 पासिंग, 4 लाख 20 हजारांत ठरलेली. मी 1 लाख 20 हजार रोख देणार, बाकी 3 लाखांचं कर्ज. पोरगा बाहेर आला, डीलरच्या कानाशी लागला. डीलरनं माझ्याकडं पाहिलं आणि चहावाल्याला दिलेली चहाची ऑर्डर हात हलवूनच परत केली. तेव्हाच समजलं.

"दादा, पाचशे अडतीस आहे तुमचा. राइट-ऑफ दिसते एक. केसीसी होतं का काही?"

होतं. आर्वी तालुक्यात राहून नावावर शेती आहे आणि किसान क्रेडिट कार्ड नाही, असा माणूस मला तरी ठाऊक नाही.

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. संत्र्याच्या बागा आणि गव्हाला पाणी सुरू झालं की लाइटचं व्होल्टेज पडतं, रात्रीची लाइन येते-जाते आणि मोटरी जळतात. शेतकऱ्याची मोटर जळली की त्याला ती आजच्या आज पाहिजे. पाच हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक दुचाकीवर येत नाही, आणि विहिरीतून काढलेली सबमर्सिबल तर नाहीच. दर वेळी भाड्याचा ऑटो, त्याचे चारशे-पाचशे. महिन्याचा हिशोब केला तर गाडीचा अर्धा हप्ता त्यातच जात होता. म्हणून ईको. मागची सीट काढली की दोन मोटरी आरामात बसतात, सीट लावली की घरचे.

घरी आलो आणि बाबांना सांगितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाटातून एक प्लास्टिक लॅमिनेशन केलेला कागद घेऊन आले. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची आधार प्रमाणीकरणाची पावती. बाबांनी रेशनकार्डसुद्धा कधी लॅमिनेट केलं नाही, ही केली होती.

"माफ झालं होतं ना बावा. सरकारनं पैसे भरले. मंग हे कायचं उरलं?"

कायचं उरलं, ते शोधायला मला तीन महिने लागले.

2015 साली बाबांनी सातबारा माझ्या नावावर केला, त्याबरोबर पीककर्जही माझ्या नावावर आलं. दरवर्षी मार्चअखेर नवं-जुनं करायचो. म्हणजे सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरून खातं कोरं करायचं आणि बँकेनं पुन्हा दिले की सावकाराला परत. कागदावर दरवर्षी कर्ज फिटत होतं, प्रत्यक्षात ते तिथंच होतं. मग 2017 चा खरीप आला, गुलाबी बोंडअळीचा. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी. आमच्या भागात ते साल कोणी विसरलेलं नाही. त्या मार्चमध्ये सावकारानंही हात वर केले, नवं-जुनं झालं नाही आणि 1 लाख 10 हजार थकले.

डिसेंबर 2019 मध्ये ही योजना जाहीर झाली. 30 सप्टेंबर 2019 ला व्याजासह दोन लाखांपर्यंत थकीत असलेलं पीककर्ज माफ. 2020 मध्ये याद्या लागल्या, मी सेवा केंद्रात जाऊन अंगठा दिला, पावती घेतली. लगेच लॉकडाऊन. त्याच धांदलीत 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. आमच्या शाखेवरची पाटी बदलली, खात्याचा नंबर बदलला, पुढे ओळखीचे साहेबही बदलले. पैसे जमा झाल्याचा मेसेज पावसाळ्यात आला. आम्ही समजलो, संपलं.

संपलं नव्हतं. सरकारनं पैसे भरले ते सप्टेंबर 2019 च्या हिशोबानं आणि खात्यात आले पुढच्या पावसाळ्यात. मधल्या महिन्यांचं व्याज, 11 हजार 640 रुपये, खात्यावर तसंच लटकत राहिलं. कोणी मागितलं नाही, नोटीस आली नाही. बँकेनं आपल्या वहीत ते कधीतरी राइट-ऑफ केलं आणि माझ्या नावापुढं तो शब्द लिहून पाठवला. राइट-ऑफ म्हणजे सोडून दिलं, असं मला वाटायचं. सोडलेलं काहीच नसतं. बँक आपल्या ताळेबंदातून रक्कम काढते, तुमच्या डोक्यावरून नाही.

हे मला बँकेनं नाही, आमच्या गल्लीतल्या काकाजींनी समजावलं. ते कॅशियर म्हणून रिटायर झालेले, त्यांच्या बोअरची मोटर मी दोनदा भरून दिली आहे. त्यांनी पहिल्यांदा मला झापलं. कारण ईको नाकारल्यावर मी गप्प बसलो नव्हतो. बारा दिवसांत आणखी चार एजंटांकडे पॅन कार्ड देऊन आलो होतो. प्रत्येकजण म्हणायचा, नुसतं चेक करून पाहतो. कर्ज देणाऱ्याच्या नावानं झालेली अशी प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत पाच-पाच नोंदी दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय, असं यंत्राला वाटतं. वाटतं ते खरंही होतं म्हणा. आपला रिपोर्ट आपण स्वतः काढला तर गुण कमी होत नाहीत, आणि वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. हे मला कोणत्याच एजंटानं सांगितलं नाही.

आपण सगळ्याला सिबिल म्हणतो, जसं आपल्या आयांनी कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हटलं. प्रत्यक्षात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. काकाजींच्या नातवानं चारही रिपोर्ट काढून दिले. एकीत माझं खातं राइट-ऑफ, दुसरीत नुसतं थकीत, तिसरीत जुन्या बँकेच्या नावानं आणि नव्या बँकेच्या नावानं असं दोनदा. म्हणजे एकाच अकरा हजारांसाठी मी दोनदा बुडवा. चौथीत माझं नावच चुकीचं होतं, तिनं मात्र मला बरे गुण दिले होते.

शाखेत गेलो. व्याज धरून आकडा 16 हजार 290 झाला होता. साहेब भला माणूस. म्हणाले, "सहा हजार भरा, तडजोडीत मिटवून टाकू. आजच्या आज."

दहा हजार वाचत होते. मी खिशात हात घातला होता, खोटं कशाला सांगू. पण काकाजींनी निघताना एकच गोष्ट दहा वेळा बजावली होती: तडजोड करशील तर रिपोर्टात 'सेटल्ड' येईल, आणि 'सेटल्ड' वाचणारा असंच समजतो की या माणसानं पुरते पैसे दिले नाहीत. पूर्ण भर, खातं 'क्लोज्ड' करून घे आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय पायरी उतरू नको. मी 16 हजार 290 भरले. बेबाकी दाखल्यासाठी तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी प्रिंटर बंद, दुसऱ्या दिवशी साहेब वर्ध्याला मीटिंगला, तिसऱ्या दिवशी मिळाला.

सरकारनं माझ्यासाठी लाखाच्या वर भरले आणि माझं नाव बिघडलं ते अकरा हजारांवरून, याचा राग मला येत होता. अजूनही येतो. दर खरिपाआधी मुंबईत बँकर्स समितीची बैठक होते, पीककर्जाला सिबिल मागाल तर खबरदार, असा दम बँकांना मिळतो, पेपरात मोठा मथळा येतो. पण शेतकरी म्हणून मला नुसतं बियाणंच लागतं का? मोटर दुरुस्त करणाऱ्या शेतकऱ्याला गाडी लागते, पोरीच्या शिक्षणाला कर्ज लागतं. तिथं तोच जुना पीककर्जाचा डाग पुढं येतो, आणि त्यावर कोणी दम देत नाही.

दाखला जोडून मी तिन्ही कंपन्यांकडे ऑनलाइन तक्रार घातली. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: तक्रार आल्यापासून 30 दिवसांत निपटारा व्हायला हवा, आणि एप्रिल 2024 पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला 100 रुपये भरपाई. दोन ठिकाणी वेळेत झालं. तिसरीकडं बँकेकडूनच उत्तर जात नव्हतं. अडतिसाव्या दिवशी रिपोर्ट दुरुस्त झाला.

गुण 538 चे 604 झाले. मी साडेसातशेची वाट पाहत होतो. काकाजी हसले. म्हणाले, जळालेली मोटर तू भरून देतोस, ती पाणी उपसते, पण नवी होते का? जुने थकलेले महिने रिपोर्टात वर्षानुवर्षं दिसतात, त्यावर नवे नीट भरलेले महिने चढले पाहिजेत.

ईको एव्हाना विकली गेली होती. तशीच दुसरी मिळाली, त्याच भावात. 604 वर बँका तयार नव्हत्या, एक फायनान्स कंपनी तयार झाली. एजंट म्हणाला, "फक्त नऊ टक्के, दादा. चार वर्षं, हप्ता साडेआठ हजार." मी खूश. नऊ टक्के म्हणजे नोकरदाराचा दर. काकाजींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. 3 लाखांवर नऊ टक्के, चार वर्षांचे 1 लाख 8 हजार, एकूण 4 लाख 8 हजार, भागिले 48, बरोबर 8 हजार 500. हा फ्लॅट दर. शेवटच्या महिन्यात माझ्याकडं आठ हजारच बाकी असतील, तरी व्याज पूर्ण 3 लाखांवर. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर सोळा टक्के पडतो. शेजारच्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी तशीच जुनी गाडी साडेअकरानं घेतली होती. तेवढंच कर्ज त्या दरानं मिळालं असतं तर हप्ता 7 हजार 827 पडला असता. महिन्याला 673 चा फरक, 48 महिन्यांचे 32 हजार 304.

तरी मी सही केली. एवढंच केलं की मुदतीआधी भरलं तर किती दंड लागेल, ते लिहून घेतलं आणि बायकोला दाखवलं. रोख द्यायच्या पैशांतले साठ हजार तिची पोत गहाण ठेवून आले होते, तिला विचारायचा हक्क होता. ती म्हणाली, "ऑटोचं भाडं वाचते ना? मंग सोडा." आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढला. वर्ध्याहून येताना बाबांसाठी गोरसपाक घेतला.

गाडी दारात लागली तेव्हा बाबांनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, नारळ फोडला, बेबाकी दाखला मागून घेतला. लॅमिनेट करायला.

"आता जुनी काई बाकी नाई ना कोनाची?"

"आपली नाही. बँकेकडं आपली आहे," मी म्हणालो. आठ दिवस उशीर, दिवसाला शंभर, आठशे रुपये. नियमाप्रमाणं निपटारा झाल्यावर पाच कामाच्या दिवसांत खात्यात यायला पाहिजेत. दोन महिने झाले. दोनदा अर्ज दिला, पोच घेतली.

बाबांनी गोरसपाकचा तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला.

"मंग आता त्याइचा सिबिल खराब होते का?"