बारसे आणि बाप्तिस्मा

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. ती चर्चा कानी पडून आमच्या घरातील लहानग्यांनी विचारले, "बाप्तिस्मा झालेला माणूस आपला राहत नाही का?"

आम्ही बारशापासून आरंभ केला. पाळण्यातल्या बाळाने काहीच कमावलेले नसते. तरी आत्या कानात नाव सांगते आणि घर त्याला आपले म्हणते. कॅथलिकांच्या बालबाप्तिस्म्यातही धर्मगुरू प्रथम आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात. मस्तकावर तीनदा पाणी ओततात, शुभ्र वस्त्र देतात, मोठ्या मेणबत्तीवरून छोटी उजळली जाते. साम्याची मर्यादाही सांगितली. बाप्तिस्म्याने पापक्षालन होते आणि बाळ जगभरच्या ख्रिस्तसभेचे होते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मग पहिले घर सुटते काय? जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठी ओवीतच अवतरले. दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' मराठीतच सिद्ध केले. आजोळी रमलेले मूल घराला परके होत नाही, एवढे सांगताच मुलांचे समाधान झाले.

आमचे मात्र झाले नाही. तान्ह्या बाळाला आपण काही न विचारता आपले म्हणतो. २०२४ साली निवर्तलेल्या या मराठी लेखकाकडे मात्र आपलेपणाचा दाखला मागितला गेला. तो का, हे मुलांना समजावणे आम्हांला अद्याप साधलेले नाही.