येलदरीला कोणता कॅमेरा न्यायचा?

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्याची सहल ठरली, की घरात वादही ठरलेला! पैसे एकाच कॅमेऱ्याचे. पाण्यातही चालणारा छोटा घ्यायचा, की लेन्स बदलता येणारा डीएसएलआर?

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाकडे पावसाळ्यात निघालात, तर छोटाच बरा. भिजला तरी चिंता नाही. मात्र बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण राहिला, तरी पाणी आत शिरू शकतं!

'दूरचे पक्षी टिपायला डीएसएलआरच हवा,' असं बाबा म्हणतील. पण त्याच्यासोबत बहुधा १८-५५ ची लेन्स मिळते. ती पक्षी फारसे जवळ आणत नाही. छोट्याचा झूमच पुढे जातो! मोठी लेन्स वेगळी घ्यावी लागते, आणि ती महाग.

याच तालुक्यातल्या चारठाण्याला मात्र पारडं फिरतं. तिथल्या जुन्या हेमाडपंती मंदिरांच्या आत उजेड कमी. डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, छोट्याच्या दहापटीहून मोठा असतो. त्यामुळे अंधुक उजेडातही खांबांवरचं कोरीवकाम स्पष्ट उमटतं. फोटोआधी परवानगी विचारा, बरं का!

मी तर डीएसएलआरच घेईन, वापरलेला मिळाला तरी चालेल. धरणावर पाऊस आलाच, तर तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी दप्तरात.