लाइटबिल : एका शब्दाचा हिशेब

मराठी घरात विजेला 'वीज' म्हणण्याचा प्रसंग फारसा येत नाही. आभाळात कडाडते ती वीज. भिंतीतून येते ती लाइट. लाइट जाते, लाइट येते, आणि महिन्याकाठी दाराशी येऊन पडते ते लाइटबिल. 'वीज देयक' हा शब्द त्या कागदावर छापलेला असतो, पण कागदाबाहेर तो सहसा पडत नाही. साहित्याच्या वर्गात आपण शब्द वस्तूकडे पाहण्याची दिशा ठरवतो असे शिकतो आणि शिकवतो. 'लाइटबिल' हा त्याचा एक घरगुती पुरावा आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. घरातली काटकसर नेमकी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे या एका शब्दाने ठरवून टाकले आहे.

शब्द जन्मला तेव्हा खरा होता. वीज घरात आली ती उजेडासाठीच. कंदील आणि चिमण्या माळ्यावर गेल्या, छताला चाळीस किंवा साठ वॉटचा पिवळा दिवा लोंबू लागला. त्या काळचे बिल खरोखरच उजेडाचे बिल होते. शिवाय त्या दिव्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाई. त्यामुळे खोलीबाहेर पडताना बटण बंद करणे हा शहाणपणाही होता आणि संस्कारही. 'दिवा उगाच जाळू नये' हे रॉकेलच्या दिवसांतले वाक्य विजेच्या दिवसांत जसेच्या तसे आले. त्यातले 'जाळणे' हे क्रियापदही मूळ रॉकेलचेच.

पुढे घर बदलले, शब्द बदलला नाही. फ्रिज आला, गीझर आला, धुलाई यंत्र आले. २०१५च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेतून एलईडी दिवे स्वस्तात घरोघर पोचले आणि साठ वॉटच्या दिव्याचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. लाइटबिलातला लाइटचा वाटा असा आकसत गेला. आपण मात्र काटकसर म्हणून आजही दिव्याचेच बटण शोधतो.

हिशेब अवघड नाही. आमच्यासारख्या भाषेच्या माणसांनाही जमतो. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. नऊ वॉटचा दिवा एक युनिट खर्च करायला एकशे अकरा तास घेतो. दोन हजार वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो. पंधरा लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला सुमारे एक तृतीयांश युनिट लागते. म्हणजे चौघांच्या आंघोळीला दिवसाला जवळजवळ दीड युनिट आणि महिन्याला चाळीसच्या वर. जुना छताचा पंखा पंच्याहत्तर वॉटच्या आसपास घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या एकाच पंख्यामागे महिन्याला वीस युनिटांचा फरक पडतो. आणि रिमोटने 'बंद' केलेला सेट टॉप बॉक्स? तो दहा वॉट जरी घेत असला, तरी कोणी काही न पाहता महिन्याला सात युनिटे होतात. न पेटलेल्या दिव्यांची बेरीज करणाऱ्या घरात या सातांचा हिशेब कोणी मागत नाही, कारण ती दिसत नाहीत.

बिलाचा कागद हीसुद्धा एक संहिता आहे आणि तीही नीट वाचावी लागते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा तिच्या ओळी. स्थिर आकार घर महिनाभर कुलूपबंद असले तरी टळत नाही. तिथे काटकसर चालत नाही. खरी मेख वीज आकारात आहे. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पायऱ्या आहेत, आणि पायरी चढताना दर चढतो. तीनशे वीस युनिटांच्या घराने वीस युनिटे वाचवली, तर ती पहिल्या स्वस्त शंभरातली नसतात, शेवटच्या महाग वीसांतली असतात. म्हणून सरासरी दराने केलेला हिशेब बचतीला नेहमी कमी लेखतो. एक पंखा बदलला किंवा गीझर आंघोळीच्या ऐन आधी लावून लगेच बंद केला, तर घर एक पायरी उतरू शकते. दिवे मालवून ते क्वचितच होते.

इतके सगळे आकड्यांचेच प्रकरण असते, तर ते आम्ही इथे मांडले नसते. पण शब्दाने चुकवलेल्या वाटेची किंमत पैशांत संपत नाही. आमच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतरही रात्री त्या भिंतीला हात लावत अंधारातच न्हाणीघराकडे जात. दिवा लावा म्हटले, की उत्तर ठरलेले : "एवढ्याशा वाटेला कशाला हवी लाइट? बिल कोण भरणार?" त्यांच्या पायांची काळजी आम्ही बोलून दाखवली, तर त्यांना ती लाड वाटे. शेवटी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाच वॉटचा दिवा बोळात रात्रभर, म्हणजे दहा तास, लावून ठेवला तर महिन्याला दीड युनिट होते. तेवढे एका दिवसाच्या आंघोळीत जाते. आईंनी आकडेमोड दोनदा तपासली, कारण आयुष्यभर घरखर्चाची वही त्यांनीच लिहिली आहे. मग चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी अंधारात चालले ती तुमच्या गरम पाण्यासाठी!"

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते केवळ आमच्या घरापुरते आहे असेही वाटत नाही. कुटुंबाची बचत कुटुंबातल्या सर्वांवर सारखी वाटली जात नाही. बैठकीच्या खोलीत चार दिवे असतात. स्वयंपाकघरात एक, तोही छताच्या मधोमध. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची सावली तिच्याच विळीवर आणि परातीत पडते. गॅस फडफडतो म्हणून तिथे पंखाही नसतो. काटकसर हा सद्गुण खराच, पण तो कोणाच्या वाट्याला आला आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचे कौतुक करू नये.

सावलीचा विषय निघाला की साहित्याच्या माणसाला जुनिचिरो तानिझाकी आठवतो. १९३३ साली त्याने विजेच्या झगमगाटाविरुद्ध सावलीची थोरवी सांगणारा निबंध लिहिला. तो आम्हांला प्रिय आहे. पण सावलीचे सौंदर्य दिसायला बटण आपल्या हाती असावे लागते. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्या खेड्यांनी शहरांपेक्षा कितीतरी जास्त तास अंधारात काढले, तिथल्या मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री ते सौंदर्य दिसले असेल, असे वाटत नाही.

दुसरी आठवण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सची. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली की कोळसा कमी खपेल असे नाही, उलट जास्तच खपेल, असे त्याने १८६५ साली बजावले होते. एका दिव्याच्या विजेत सहा दिवे लागू लागताच आपण छतात खोटे छत बसवून बारा दिवे लावले. म्हणजे उपकरण बदलणे पुरेसे नाही. सवयीचाही हिशेब हवाच. तो फक्त योग्य रकान्यात मांडायला हवा.

'लाइटबिल' हा शब्द भाषेतून जाणार नाही, आणि जावा असेही आम्ही म्हणत नाही. वस्तू बदलली तरी शब्द टिकतात, हा भाषेचा स्वभावच आहे. पण पुढचे बिल हाती येईल तेव्हा वाचकांनी एवढे करून पाहावे : त्या आकड्यातला उजेड किती आणि ऊब किती, गारवा किती, हे वेगवेगळे लिहावे. आणि त्याच कागदावर, घरात रोज कोण कशावाचून राहते, तेही लिहावे. ही दुसरी यादी बिलात छापलेली नसते. ती आपल्यालाच करावी लागते.