चार्ज देताना

माझा भाचा मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात अधिकारी आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला असता मी सहज विचारले, "इतक्या विमानांवर तू लक्ष ठेवतोस तरी कसे?" तो म्हणाला, "मामा, आकाशाचेही वाटे केलेले असतात. माझ्या वाट्यातले विमान पुढच्याच्या हाती नीट सोपवणे, हा कामाचा मोठा भाग."

भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई अशा 4 मुख्य क्षेत्रांत विभागलेले असून प्रत्येकाचे पुन्हा लहान विभाग आहेत. विमान सीमेवर येण्यापूर्वीच त्याची उंची व सीमा ओलांडण्याची वेळ पुढील नियंत्रकाला कळवली जाते. त्याच्या संमतीवाचून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. नंतर वैमानिकाला नवी फ्रीक्वेन्सी सांगतात व तो ती पुन्हा उच्चारून दाखवतो. ऐकण्यात चूक झाली असल्यास तेथेच उमगते.

हा दुवा तुटला तर काय होते, हे 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनजवळ दिसले. तो भाग स्वित्झर्लंडमधील झुरिच केंद्राच्या ताब्यात होता. तेथे एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता आणि मुख्य दूरध्वनी देखभालीसाठी बंद होता. शेजारच्या कार्ल्सरुहे केंद्राला दोन विमाने जवळ येत असल्याचे दिसले. त्यांनी वारंवार फोन केला, पण तो लागला नाही. अपघाताची इतरही कारणे होती. 71 जीव गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती.

हे ऐकताना मला माझी एक बदली आठवली. शाखेचा चार्ज देताना मी तिजोरीच्या किल्ल्या, रोकड, दस्तऐवज सारे मोजून दिले, सह्या झाल्या. मात्र एका धान्य व्यापाऱ्याला मी दिलेला शब्द सांगायचा राहिला. हंगामात त्यांचे खाते एक-दोन दिवस उणे गेले तरी चेक परत करणार नाही, असे मी त्यांना सांगितले होते. नव्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे चेक परत केला. चाळीस वर्षांच्या पेढीची बाजारात कुजबुज झाली. मी क्षमा मागायला गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पैसे आज ना उद्या येतात. पत परत आणायला वेळ लागतो."

नव्या अधिकाऱ्यांचा दोष नव्हता. मी सही घेतली होती. समोरच्याला सारे कळले की नाही, हे पाहिले नव्हते.

आपल्या घरांतून दुकान मुलाच्या हाती देण्याचा प्रसंग येतोच. किल्ल्या व वह्या आपण देतो. परंतु कोणाला कोणता शब्द दिला आहे, कोणाची उधारी अडचणीपोटी थांबवली आहे, हे वहीत नसते. ते मुलाला सांगावे, आणि त्याच्याच तोंडून एकदा ऐकून घ्यावे.