गादीचा उगम

इतिहासात ‘जर’ आणि ‘तर’ ह्या दोन शब्दांना स्थान नाही, असे विद्वान सांगत असतात. आणि रात्रीच्या जेवणानंतर घरोघरी ज्या गप्पा रंगतात त्यांत ह्याच दोन शब्दांचे राज्य असते. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगते तर? डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेत हाच खेळ शास्त्रीय बैठकीवर मांडला. त्यांच्या कथेत मराठे पानिपत जिंकतात, आणि पुढे विसाव्या शतकात पेशव्यांची सत्ता हळूहळू लोकनियुक्त मंडळांकडे जाते. राजा जाऊन लोक येतात, हा क्रम आपल्या मनाला सुखावणारा आहे. उलट क्रमाचा खेळ मात्र क्वचितच मांडला जातो. लोकांनी मोठ्या हिमतीने राज्य स्थापावे आणि त्याचेच पुढे राजाचे राज्य व्हावे, हा खेळ मला अधिक बोधप्रद वाटतो. आणि तो मांडावयास आमचा गोंदिया जिल्हा फार सोयीचा आहे.

नकाशावर हा जिल्हा अलीकडचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. भूमी मात्र जुनी, धानाची आणि तलावांची. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधला असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, आणि त्यांपैकी एकीच्या माथ्यावर ‘कोलासुर देव’ ह्या नावाने खुद्द कोलू पाटलांचेच ठाणे आहे. तलाव एकट्याच्याने बांधवत नाही आणि एकट्याच्याने राखवतही नाही. बांध फुटू लागला तर साऱ्या गावाला धावावे लागते. पाऊस ताणला तर कोणाच्या बांधीत पाणी आधी सोडावयाचे, हे सर्वांना मान्य होईल अशा रीतीने कोणी तरी ठरवावे लागते.

ह्याच मुलखात १८१८ साली एक बंड झाले. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केले. ते कैदेतून निसटले, तेव्हा कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या बाजूने उठले. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला, कामठा पडले, आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. हे बंड एका राजासाठी होते. लोकसत्तेचा विचार त्यात नव्हता.

आता कल्पना अशी करू की, त्या धामधुमीत नवेगावच्या आसपासच्या गावांनी ‘भोसले नकोत आणि कंपनी सरकारही नको’ असे म्हणून आपला कारभार आपणच चालविण्याचे ठरविले. गावोगावचे पाटील एकत्र बसले. पाणी, धान्याचे कोठार आणि शिबंदी पाहण्यासाठी त्यांनी आपल्यांतूनच एक न्यायी पुरुष तीन वर्षांच्या मुदतीने निवडला. मुदत संपली तेव्हा शत्रूची फौज सरहद्दीवर होती. अशा वेळी माणूस कशाला बदलावयाचा, असे सर्वांनीच म्हटले. पुढे दुष्काळ पडला. पुन्हा तोच राहिला. तो वारला तेव्हा त्याचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. हिशेब त्याला ठाऊक, शिपाई त्याला ओळखीत, आणि वडिलांचे उपकार साऱ्यांच्या स्मरणात ताजे. पाटलांनी एकमताने त्याच्या हाती शिक्का दिला, आणि तो बापाहूनही कर्तबगार निघाला. त्याच्यामागे राहिलेला नातू मात्र अवघा नऊ वर्षांचा. आता कर्तबगारीची गोष्टच उरली नव्हती. तरी कोणी ब्र काढला नाही. मुलाला गादीवर बसविले, आईने पडद्याआडून कारभार पाहिला, आणि भाटाने वंशावळ थेट सूर्यापर्यंत नेऊन भिडविली. ह्या साऱ्या कथेत कोणी दुष्ट नाही, कोणाचा कट नाही. लोकांचे राज्य राजाचे झाले तो दिवस कोणता, असे विचारले तर एकही दिवस बोट ठेवून दाखविता येणार नाही.

कथा मनची असली तरी तिचा सांगाडा खरा आहे. हॉलंडादी प्रांतांनी १५८१ साली स्पेनच्या राजाला झुगारले आणि पुढे सात प्रांतांचे लोकसत्ताक राज्य उभे केले. ऑरेंज घराण्याचा विल्यम हा त्या लढ्याचा पुढारी. १५८४ साली त्याचा खून झाला. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा मॉरिस, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, हॉलंड व झीलंड ह्या प्रांतांचा ‘स्टाटहाउडर’ म्हणजे मुख्य अधिकारी झाला आणि मोठा सेनापती निघाला. नंतर दोन वेळा त्या लोकांनी बहुतेक प्रांतांत हे पद रिकामे ठेवून पाहिले. दोन्ही वेळा, १६७२ आणि १७४७ साली, फ्रेंच फौजा चालून आल्या आणि भयभीत जनतेने ऑरेंज घराण्याचाच माणूस मागितला. १६७२ मध्ये तर लोकसत्तेचा कैवारी योहान डी विट ह्याला जमावाने त्याच्या भावासह ठार मारले. १७४७ मध्ये ते पद साऱ्या प्रांतांत वंशपरंपरेचे झाले, आणि १८१५ साली त्याच घराण्याचा पुरुष राजा म्हणून सिंहासनावर बसला.

आपल्या घरचे उदाहरण इतके दूरचे नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील पेशवेपद ही नेमणुकीची जागा होती, वतन नव्हते. १७१३ साली शाहूमहाराजांनी ती बाळाजी विश्वनाथांना दिली, आणि १७२० साली ते वारल्यावर एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना दिली. त्या निवडीला नावे ठेवण्याची कोणाची छाती आहे? परंतु मेख तिच्या योग्यतेतच आहे. ती निवड फसली असती तर वंशपरंपरेचा प्रघातही पडला नसता. पराक्रमी बाजीरावांच्या यशाने जो प्रघात पक्का झाला, त्याच प्रघाताने १७९६ साली दुसऱ्या बाजीरावांना त्याच मसनदीवर बसविले. आणि १८१८ साली, म्हणजे कामठ्याच्या बंडाच्याच वर्षी, ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

आमच्या जिल्ह्यात तर लढाईवाचून गावोगाव गाद्या तयार झाल्या. भोसल्यांच्या काळी पाटील हा गावचा सारा गोळा करून भरणारा माणूस. गाव काही त्याच्या मालकीचे नव्हते. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८६० नंतरच्या दशकात जमाबंदी करताना इंग्रजांनी अशा पाटलांना मालगुजार म्हणून गावाची मालकीच लिहून दिली. जो काल जबाबदार होता तो आज मालक झाला, आणि त्याचा मुलगा जन्मतःच मालक! १९५१ साली कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तरी ‘माजी मालगुजारी’ ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक आजही त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

हे सारे विचार मनात घोळण्यास एक घरगुती कारण आहे. आमच्या गावातील एका लहानशा वाचनालयाचा मी गेली सहा वर्षे चिटणीस आहे. मुदत पुरी होताच काम सोडतो असे मी सांगितले, तेव्हा सभासदांनी मोठ्या प्रेमाने माझ्या मुलाचे नाव सुचविले. मुलगा लायक आहे. दुसरे कोणी आपण होऊन पुढे येत नाही हेही खरे. घरातून म्हणणे पडले, “पुस्तके झाडण्याच्या कामाला का कोणी सिंहासन म्हणतं? उगीच पोराच्या उत्साहावर पाणी ओतू नका.” ह्यात तथ्य आहे. केवळ माझा मुलगा म्हणून त्याला वगळणे हाही अन्यायच होईल. म्हणून मी सभेपुढे एवढीच लेखी विनंती ठेवली आहे की, निदान तीन नावे आल्यावाचून निवड होऊ नये, ती गुप्त मतदानाने व्हावी, आणि निवडलेल्या मनुष्याने सहा वर्षांहून अधिक काळ त्या जागी राहू नये. चिरंजीव चार दिवसांपासून माझ्याशी मोजकेच बोलत आहेत. तो हरला तर बाप म्हणून मला वाईट वाटेल. परंतु चार लोकांनी त्याला त्याच्या गुणांवर पारखून घेतले, हे समाधान जिंकला तरी व हरला तरी त्याच्याजवळ राहील. बिनविरोध बसविलेल्या मुलाला ते जन्मात मिळत नाही.

भय, सोय आणि कृतज्ञता ह्या तीन वाटांनी गादी घरात येते. भय ओळखता येते आणि सोयीला आवर घालता येतो. कृतज्ञता मात्र सद्गुणाचे वस्त्र नेसून येत असल्यामुळे तिला दारात कोणी अडवीत नाही. ह्या बाबतीत नवेगावच्या लोकांची रीत मला फार शहाणपणाची वाटते. उपकारकर्त्याला त्यांनी देव केले आणि टेकडीच्या माथ्यावर नेऊन बसविले. तेथे त्याला हात जोडावे, नारळ वाहावा, पिढ्यानुपिढ्या त्याचे नाव घ्यावे. खाली तलावाच्या काठी पाण्याची वाटणी मात्र दर साली नव्याने बसलेल्या पंचांनीच करावी.