आजीचा ठिपक्यांचा कागद

होळी म्हटलं की तुम्हाला रंग आठवतील. पण वसईत होळी नावाचा एक भाग आहे आणि तिथेच आमचं घर आहे. गोष्ट मात्र दिवाळीची!

मी तेव्हा आठवीत होतो. दिवाळीच्या आवराआवरीत मी मोठ्या उत्साहानं रद्दी बांधून दिली. संध्याकाळी आजी कपाटामागे काहीतरी शोधू लागली. "अरे, माझा ठिपक्यांचा कागद कुठे गेला?"

माझ्या छातीत धस्स झालं. जुन्या कॅलेंडरच्या पानाला तिनं उदबत्तीनं भोकं पाडली होती. तो कागद अंगणात अंथरायचा, वरून रांगोळी पसरायची, कागद उचलला की खाली ठिपके तयार! तोच मी रद्दीत घातला होता. आजी रागावली नाही. "जाऊ दे. आता हात थरथरतो, नवा काही माझ्यानं व्हायचा नाही," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, कागद आपण करायचा. संगणकावर जिम्प होतं. चित्रांचा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. अमेरिकेत बर्कलीला शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला. त्यात चौकोनी जाळी तयार मिळते. ती छापून आजीला दाखवली.

"ही तर कवायतीची रांग झाली रे! आपल्याला पंधरा ते आठ हवी. खालचा ठिपका वरच्या दोघांच्या मधे यायला हवा."

तशी जाळी तयार नव्हती. मग स्वतःच करायची! युक्ती सोपी आहे. अख्खं पान काढायचं नाही, एकच फरशी काढायची. फरशीला फरशी लागली की घरभर नक्षी होते ना, तसंच. फरशीचं चित्र कॉपी केलं की जिम्पमध्ये ते पॅटर्न म्हणून वापरता येतं. मग बादलीचं चित्र असलेलं साधन घ्यायचं, पॅटर्न निवडायचा आणि कोऱ्या पानावर ओतायचा.

मी एक ठिपका फरशीच्या कोपऱ्यावर दिला, एक मधोमध. पान भरलं तर काय, निम्मे ठिपके पावच उमटलेले! कोपऱ्यावरच्या ठिपक्याचा पाव भागच फरशीत होता, बाकीचा बाहेर. मग दोन्ही ठिपके आत सरकवले. फरशी ४० पिक्सेल रुंद आणि ७० उंच. पहिला ठिपका डावीकडून १० आणि वरून १७ वर, दुसरा ३० आणि ५२ वर.

उंची ७० का? एका ओळीतले ठिपके ४० पिक्सेलवर आहेत. खालच्या ओळीतला ठिपका २० बाजूला आणि ३५ खाली येतो. आता पायथागोरसला विचारा. २० चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग म्हणजे १६२५, वर्गमूळ साधारण ४०.३. म्हणजे कुठलेही दोन शेजारी जवळजवळ सारख्याच अंतरावर!

छापताना एका सेंटिमीटरला २० पिक्सेल असं माप दिलं. त्यामुळे ठिपके बरोबर २ सेंटिमीटरवर आले. ए-३ कागदावर ते छापून आणले. मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, असे एकूण १६९ ठिपके आजीनं पेन्सिलीनं खुणा करून दाखवले. आईला शेजारी बसवून मी उदबत्तीनं भोकं पाडली. (तुम्हीही मोठ्यांना सोबत घेऊनच पाडा हं!)

नरक चतुर्दशीच्या पहाटे आजी अंगणात बसली. हात थरथरत होता, रेघ मधेच डगमगत होती. पण दर दोन सेंटिमीटरवर एक ठिपका तिला सावरून घेत होता. रांगोळी पुरी झाली. आजीनं कागद झटकला, नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला. "आता तूच सांभाळ," म्हणाली.

तुम्हीही अशी जाळी करून पाहा. आणि रद्दी देण्याआधी आजीला एकदा विचारा, बरं का!